भिंतीवरचा बेस कुणाचा?

वाद्यांबद्दल काहीही विचारा असं आम्ही सदराच्या वर छापतो आणि लोक ते फारच मनावर घेतात. मागच्या महिन्यात एका उत्तरात मी हॉटेलांच्या भिंतीवर टांगलेल्या बेस गिटारींचा (बेस म्हणजे चार जाड तारांची, खालचे सूर देणारी गिटार) ओझरता उल्लेख केला होता, जेमतेम दोन ओळी, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरं काही घेताच आलं नाही. ज्यांनी ढोलाच्या पानांबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा. मी स्वतः बारा वर्षं इथल्या नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवलाय, त्यामुळे जरा जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

दिवाळीत आम्ही गोव्याला गेलो होतो. तिथे एका म्युझिक थीमच्या हॉटेलात रिसेप्शनच्या मागे काचेच्या पेटीत बेस गिटार ठेवलेली होती, खाली इंग्रजीत पाटी. मुलगा म्हणाला पप्पा हे सगळं ड्युप्लिकेट असतं, खरी वस्तू हॉटेलात कोण ठेवेल. मी म्हटलं एवढं मोठं हॉटेल आहे, खरीच असणार. पैज लागलीये. कोण बरोबर?
(एक वाचक, कॉलेज रोड)

पैजेचे पैसे आत्ता कुणीच कुणाला देऊ नका. आधी ही टांगाटांगी सुरू कशी झाली ते ऐका. लंडनमध्ये १९७१ साली आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन तरुण अमेरिकनांनी हार्ड रॉक कॅफे काढलं, अमेरिकेसारखं खाणं तिथे मिळत नाही म्हणून, भिंतीवर वाद्यं लावायची वगैरे काही योजना नव्हती. नावाजलेला गिटारवाला एरिक क्लॅप्टन तिथला नेहमीचा गिऱ्हाईक. त्याला आपली ठरलेली जागा हवी होती, म्हणजे कसं, मिसळीच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल एखाद्या काकांचं असतं आणि तिथे नवीन कुणी बसलं की वेटरच त्याला उठवतो, तसं. तर १९७९ मध्ये त्या जागेच्या वर त्याची लाल फेंडर गिटार टांगली गेली, खूण म्हणून. आठवडाभरात द हू या बँडच्या पीट टाउनशेंडने स्वतःची गिटार पाठवून दिली, सोबत चिठ्ठी, माझी पण त्याच्याइतकीच चांगली आहे अशा अर्थाची. म्हणजे जगभरातला हा सगळा पसारा सुरू झाला तो दोन कलाकारांच्या 'माझी जागा, माझी गिटार' यातून. आज त्या कंपनीकडे ८०,००० च्या वर वस्तू आहेत, त्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फिरत असतात, त्यामुळे तुमचं हॉटेल त्यांचं असेल आणि पुढच्या दिवाळीत गेलात तर तीच पेटी आणि आत वेगळीच गिटार असं होऊ शकतं. (कंपनी २००७ पासून फ्लोरिडाच्या सेमिनोल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या मालकीची आहे, हे जाता जाता.)

तर मोठ्या ठिकाणी अस्सल वस्तू असतात, मुलाचं 'सगळं ड्युप्लिकेट' चूक. पण तुमचं 'मोठं हॉटेल म्हणजे खरीच' हेही तितकंच चूक. खरी म्हणजे काय हे आधी ठरवा आणि त्यासाठी पाटी वाचा, आणि पाटीतलं नाव नका वाचू, क्रियापद वाचा. नाव सगळेच मोठ्या अक्षरात लिहितात, गोम क्रियापदात असते. 'प्लेड बाय' म्हणजे वाजवलेला, त्यातही 'प्लेड ऑन स्टेज' म्हटलं असेल आणि साल, गाव दिलं असेल तर उत्तम. 'ओन्ड बाय' म्हणजे मालकीचा, तो कदाचित त्याच्या घरी पलंगाखाली पडून असेल. 'साइन्ड बाय' म्हणजे फक्त सही, आणि इथेच बहुतेक जण फसतात, कारण सहीसाठी नवी कोरी स्वस्तातली गिटार आणतात, कलाकार मार्कर घेऊन फर्रकन सही करतो आणि पुढच्याला हात लावतो, त्याने ती कधी गळ्यातही अडकवलेली नसते. बऱ्याचदा सही पिकगार्डवर असते, पिकगार्ड म्हणजे अंगावरची ती प्लास्टिकची पट्टी, आणि ती काही स्क्रू काढले की सुटते, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बेसवर बसते. आणि चौथं, 'इन द स्टाइल ऑफ', म्हणजे सरळ नक्कल, पण ते बिचारे निदान कबूल तरी करतात.

पाटीवर विश्वास नसेल तर बेसकडे बघा. बारा वर्षं वाजवलेल्या बेसचा उजवा खांदा, जिथे हाताचा कोपराजवळचा भाग टेकतो, तिथला रंग गेलेला असतो. अंगठा टेकवायची जागा गुळगुळीत असते. मागे बेल्टच्या बकलाचे ओरखडे असतात, म्हणून पेटीच्या मागे आरसा असेल तर तो आधी बघा. लाकडाच्या रेषा दिसत असतील तर त्या माणसाच्या बोटांच्या ठशासारख्या असतात, दोन लाकडांच्या सारख्या नसतात, जाणकार लोक जुन्या फोटोंशी त्याच ताडून बघतात. तुमच्या फोटोत पाटी अर्धीच आलीये, 'बाय'च्या आधीचा शब्द कापला गेलाय. पैज त्या शब्दावर अडकलीये.

बास गिटार म्हणायचं की बेस गिटार? आमच्या क्लासमध्ये भांडणं होतात.
(पंचवटी)

बेस. इंग्रजी स्पेलिंगमुळे घोळ होतो. बास म्हणजे एक मासा, आणि मराठीत बास म्हणजे पुरे. ऑर्केस्ट्रात आमचे कीबोर्डवाले मी जरा आवाज वाढवला की 'बास' म्हणायचे, ते दोन्ही अर्थांनी घेता यायचं.

सर, गंगापूर रोडला रेस्टॉरंट काढतोय, थीम म्युझिक. इंटिरिअरवाला म्हणतो एका भिंतीवर सहा-सात बेस लावू, लुक येतो. कुठून आणायचे, कसे लावायचे आणि पाटीवर काय लिहायचं? बजेट बेताचं आहे.
(नाव छापू नये)

भाऊ, सगळ्यात आधी त्या इंटिरिअरवाल्याला मोजपट्टी घेऊन बसवा. साधी गिटार साधारण सव्वातीन फूट असते आणि बेस जवळजवळ चार फूट. मी स्वतः पाहिलंय, सुताराने गिटारच्या मापाने सहा सुंदर कोनाडे केले, आतून मखमल, वर लाइट, आणि बेस आले तर एकाचंही डोकं आत जाईना. फेंडरच्या बेसची नुसती तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते. इतकी का, तर जाड आवाजासाठी. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, साध्या गिटारीच्या सगळ्यात जाड तारेच्या बरोबर निम्मी.

वजन साडेतीन ते साडेचार किलो. त्यामुळे जिप्समच्या पार्टिशनवर नुसता स्क्रू मारून टांगू नका, खाली टेबल असेल तर गिऱ्हाइकाच्या सूपमध्ये हेडस्टॉक, म्हणजे बेसचं डोकं, पडेल. विटांची भिंत, चांगला रावळ प्लग आणि मान अडकवायचा हँगर. मानेने टांगल्याने बेस खराब होतो असं काही जण सांगतात, तसं काही नसतं, उलट भिंतीला तिरका टेकवून ठेवण्यापेक्षा ते बरं. पण एक बारीक गोष्ट सांगतो जी इंटिरिअरवाल्याला माहीत नसणार. हँगरच्या फाट्यावर रबर किंवा फोम असतो आणि जुन्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर म्हणजे चकचकीत रोगण असतं, त्या दोघांचं जमत नाही, रबरातला तेलकट अंश लॅकर मऊ करतो, काही महिन्यांनी उचलायला जाल तर रंग रबराबरोबर निघून येतो. फाट्यावर सुती कापड गुंडाळा, पाच रुपयांचं काम आहे. नव्या बेसवर पॉलिएस्टर नाहीतर पॉलियुरेथेन असतं, त्याला एवढी भीती नाही.

आता जागा. तंदूर आणि किचनच्या दाराजवळ नको, फोडणीचा धूर आणि तेल तारांवर बसतं, त्यावर धूळ बसते, वर्षभरात असा चिकट काळा थर होतो की पुसायला बसणारा पोरगा नोकरी सोडेल. एसीच्या थेट झोतात नको. पश्चिमेच्या काचेसमोर नको, उन्हाने रंग उडतो आणि सही असेल तर ती आधी उडते. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी ठक्क आणि जुलैत भिंतीला हात लावला तर ओला, लाकूड आकसतं, फुगतं, मान वाकते. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये राहिली तर वाद्य सुखी असतं, ती दाखवणारं छोटं मीटर मिळतं, एक आणून भिंतीवर लावा. काचेच्या पेट्या करणार असाल तर त्या हवाबंद करू नका, आत पावसाळा कोंडला जातो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मुख्य म्हणजे बदला, लोक ठेवतात आणि विसरतात.

तारा पूर्ण काढू नका आणि पूर्ण ताणूनही ठेवू नका. चारी तारांचा मिळून मानेवर ७०-८० किलोच्या घरात ताण असतो, वाजवत असाल तर ठीक, कुणीतरी मान बघत असतं, पण भिंतीवर टांगून वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा म्हणजे माणसाला वजन घेऊन उभं करून निघून जाण्यासारखं आहे. एक-दोन सूर उतरवून ठेवा.

कुठून आणायचे हा प्रश्न तुम्ही आधी विचारलाय पण मी मुद्दाम शेवटी ठेवला. बजेट बेताचं असताना परदेशी स्टारच्या सहीचा बेस इंटरनेटवर शोधू नका. स्वस्त मिळाला तर सही खोटी आणि सही खरी असेल तर तुमच्या बजेटमध्ये नाही. त्यापेक्षा आपल्या गावात बघा. नाशिकमध्ये नवरात्र, गणपती, लग्नं यांत वर्षानुवर्षं बेस वाजवलेली माणसं आहेत, सिडकोत आहेत, नाशिकरोडला आहेत, त्यांचे बेस माळ्यावर धूळ खातायत. हिंदी सिनेमात आर. डी. बर्मनच्या गाण्यांमागे टोनी वाझ बेस वाजवायचे, त्यांचे सूर कानात घेऊन ही आमची पिढी शिकली, तुकड्या-तुकड्याने, कॅसेट मागे-पुढे करून. अशा एकेकाला विचारा, बेस विकत घ्या नाहीतर भाड्याने घ्या, सोबत त्याचा स्टेजवरचा जुना फोटो मागा आणि पाटीवर नाव, साल, ऑर्केस्ट्रा सगळं खरं लिहा. तो माणूस बायको-पोरांना, शेजाऱ्यांना, मेव्हण्याला घेऊन दर महिन्याला जेवायला येईल, हे मी लेखी देतो.

काकांच्या जुन्या सामानात एक गिटार सापडली. हेडस्टॉकवर हॉबनर लिहिलंय. एका कॅफेवाल्याने बघितली आणि म्हणाला ही तर बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या कंपनीची, मला डेकोरेशनला द्या. विकू का? किती मागू?
(इंदिरानगर)

ताई, मॅकार्टनीचा बेस हॉफनर. तुमच्याकडची हॉबनर. एका अक्षराचा फरक आहे आणि त्या एका अक्षरात जर्मनी ते भारत एवढं अंतर आहे. आपल्याकडे गिव्हसन पण आहे, गिब्सन नव्हे. या आपल्या देशी गिटारी, माझ्या पिढीतल्या कित्येकांची बोटं त्यांच्यावरच घट्टे पडून तयार झाली, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण हॉफनरच्या भावात विकायचीही नाहीत.

आणि बेस आहे का ती? तारा मोजा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत डोक्यावर सहा खुंट्या दिसतायत, म्हणजे साधी गिटार.

मॅकार्टनीच्या बेसची गोष्ट मात्र भारी आहे, कॅफेवाल्याला सांगा. त्याने तो १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये घेतला, साधारण ३० पौंडांना, व्हायोलिनच्या आकाराचा. तो डावखुरा, आणि हा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही, हे त्याला आवडलं. १९७२ मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून तो चोरीला गेला. चोराने काय केलं, जवळच्या एका पबच्या मालकाला विकला. पुढे तो कुणाच्या तरी घरच्या माळ्यावर पडून राहिला, आणि पन्नासेक वर्षांनी शोधणाऱ्यांनी लोकांना आवाहन केल्यावर सापडला, हॉफनर कंपनीने तपासून तोच आहे म्हणून सांगितलं, २०२४ मध्ये बातमी जाहीर झाली. म्हणजे जगातला सगळ्यात नावाजलेला बेस खरोखरच एका पबवाल्याकडे गेला होता आणि त्याने तो भिंतीवर लावायची हिंमत केली नाही!

काकांची गिटार विकू नका असं मला वाटतं. सहा तारा टाका, फार तर पाचशे रुपये, आणि घरात कुणाला तरी वाजवू द्या.

भिंतीवर वाद्य टांगून ठेवणं म्हणजे पाप नाही का? मी बेस शिकतोय, महिन्याला पैसे साठवतोय, आणि हॉटेलवाले दहा-दहा टांगून ठेवतात. जाम राग येतो भो.
(वय १९, सातपूर)

अरे राग येऊ दे, वाजवताना उपयोगी पडेल. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नकोस. द क्लॅश बँडचा पॉल सायमनन, त्याने १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चालू कार्यक्रमात वैतागून बेस स्टेजवर आपटला, तुकडे झाले, तो क्षण फोटोत आला आणि फोटो जगभर गेला. तो तुटका बेस आता लंडनच्या म्युझियमकडे आहे. त्याचं दुसरं काय करणार, तो काही आता सुरात लागणार नाहीये.

उलट अमेरिकन बेसवाला जाको पास्टोरियसचं बघ, त्याचं ऐकलं नसशील तर आज रात्री ऐक. १९६२ चा फेंडर जाझ बेस, त्यावरच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट काढलेल्या, खाचा भरलेल्या, वर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पार्कमधून चोरीला गेला, पुढच्या वर्षी जाको वारला, आणि वीसेक वर्षांनी बेस एका दुकानात उगवला. मग घरच्यांची कोर्टकचेरी, आणि शेवटी मेटॅलिका या बँडचा बेसवाला रॉबर्ट ट्रुहियो याने पदरचे पैसे घातले म्हणून तो बेस बाजारात जायचा वाचला. बेसवाले बेसवाल्यांसाठी करतात असं.

आणि तिसरा जॉन एंटविसल, द हूचा, तोच बँड ज्याच्या टाउनशेंडने चिठ्ठी पाठवली होती. या माणसाला बेस जमवायचा नादच होता, एक तर त्याने पाच बेसचे सुटे भाग जोडून तयार केला आणि त्याला नाव ठेवलं फ्रँकनस्टाइन. जून २००२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी तो वारला, कुठे, तर लास वेगासच्या हार्ड रॉक हॉटेलमध्ये. पुढच्या वर्षी लंडनला त्याच्या वाद्यांचा लिलाव झाला आणि ती जगभर पांगली. लिलावात घेणारा माणूस वाजवेल की टांगेल हे कोण सांगणार?

तू हॉटेलात गेलास की मॅनेजरला गोडीत विचार, वाजवून बघू का. सहीचा नसेल तर कधीकधी देतात काढून. मी तीनदा विचारलंय, एकदा मिळाला, तोही बेसुरा होता.

आपल्याच शहरात एका रेस्टॉरंटमध्ये बेस बघितला. पाटीवर एका अमेरिकन रॉकस्टारचं नाव आणि 'प्लेड बाय'. तुम्ही म्हणता तशी झीज आहे, खांद्याचा रंग गेलाय, म्हणजे खरा वाटतो. पण ब्रिजच्या (खाली तारा जिथे अडकवतात तो भाग) स्क्रूच्या खाचांत काहीतरी पिवळं-लाल साठलंय आणि चार खुंट्यांपैकी एक वेगळीच आहे, मोठी. गंज असेल का? फोटो जोडलाय.
(एक वाचिका, महात्मानगर)

ताई, तुमचा फोटो बघून मी दोन दिवस काही लिहिलं नाही, तिसऱ्या दिवशी रिक्षा करून तिथे गेलो, एक सूप मागवलं आणि भिंतीसमोर उभा राहिलो.

गंज नाहीये. हळद-कुंकू आहे.

ऑर्केस्ट्रात असताना दर खंडेनवमीला आई माझा बेस पाटावर ठेवायची. मी सांगायचो अगं नुसतं फूल वाहा, पण ती बोट बुडवून थेट ब्रिजवर लावायची, पाण्यात कालवलेलं, तारांत झेंडू खोचायची आणि त्याच संध्याकाळी मी तो तसाच घेऊन प्रोग्रामला पळायचो, खाचेतलं कोण काढत बसणार. बारा खंडेनवम्या. आणि ती मोठी खुंटी जाड तारेची, मूळची एका नवरात्रात स्टेजवर तुटली, मग मुंबईहून मिळाली ती आणून बसवली, मापाची नव्हती म्हणून भोक कानशीने मोठं केलं, ते वेडंवाकडं झालं, तुमच्या फोटोतही दिसतंय. २००६ मध्ये ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा मी तो एका जुन्या सामानवाल्याला दिला होता. किती रुपयांना ते विचारू नका. मधली वर्षं तो कुठे होता मला माहीत नाही, अमेरिकेला तर नक्कीच गेला नसेल.

मालकांना भेटलो. चांगला मुलगा आहे, त्याला विकणाऱ्याने जे सांगितलं तेच त्याने छापलं होतं, आधी विश्वास बसेना, मग मी ऑर्केस्ट्राचा जुना फोटो दाखवला, त्यात खुंटी दिसते. म्हणाला सर, पण लोक याच्यासोबत फोटो काढतात हो. तरी पाटी त्याने माझ्यासमोरच काढली. नवीन काय लिहू विचारत होता. मी बिलाच्या मागे लिहून दिलंय, वाजवलेला, १९९४ ते २००६, नाशिक, आणि खाली ऑर्केस्ट्राचं नाव. सूपचे पैसे घेतले नाहीत त्याने. पुढच्या खंडेनवमीला झेंडू घेऊन येतो म्हणून सांगून आलोय.